सिस्को राउटरची इमेज अपग्रेड करताना: परतीची वाट उघडी ठेवून पुढे कसं जायचं

नेटवर्कच्या कामात नव्याने आलेल्या माणसाकडे राउटर अपग्रेड बहुतेक वेळा एका ओळीच्या मेलमधून येतं: ‘ऑडिटमध्ये आयओएस जुनी निघाली आहे, शनिवारी रात्री अपग्रेड करून घे.’ कुठली आवृत्ती घ्यायची, फाइल कुठून आणायची, राउटर परत वरच आला नाही तर काय करायचं, याबद्दल त्यात चकार शब्द नसतो. ते सगळं या लेखात आहे. आयओएस म्हणजे सिस्कोच्या राउटरची कार्यप्रणाली, आणि इमेज म्हणजे ती जिच्यात असते ती फाइल.

उदाहरण म्हणून सिस्कोचा आयएसआर ४३३१ घेतला आहे. शाखा कार्यालयांत, कॉलेजांत, कारखान्यांत तो भरपूर दिसतो. त्यावर आयओएस एक्सई चालते. ४३२१ आणि ४३५१ ची पद्धत हीच आहे. आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत. राउटरवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. शंका आली तर प्रश्नचिन्ह दाबा, राउटर पुढचे पर्याय स्वतःच दाखवतो.

‘चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?’ असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक ऑफिसात असतं. त्याच्यासाठी ऑक्टोबर २०२३ चं उदाहरण पुरेसं आहे. आयओएस एक्सईच्या वेब इंटरफेसमधली सीव्हीई-२०२३-२०१९८ ही त्रुटी तेव्हा जाहीर झाली. तिची तीव्रता १० पैकी १० होती. पासवर्ड माहीत नसतानाही बाहेरचा माणूस राउटरवर सर्वाधिकार असलेलं खातं उघडू शकत होता, आणि त्रुटी जाहीर होण्याआधीपासून तिचा वापर चालू होता. ‘आयपी एचटीटीपी सर्व्हर’ आणि ‘आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर’ बंद करून वेळ मारून नेता येत होती, पण खरा इलाज नवी इमेज हाच होता.

१. आधी राउटरलाच विचारा

‘शो व्हर्जन’ द्या आणि सगळं आउटपुट फाइलमध्ये साठवा. त्यातल्या चार गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, सध्याची आवृत्ती. दुसरी, ‘सिस्टम इमेज फाइल इज’ ही ओळ. तिथे शेवटी ‘.बिन’ असलेलं नाव असेल तर तुम्ही बंडल मोडमध्ये आहात आणि हा लेख तुमच्यासाठीच आहे. तिथे ‘पॅकेजेस.कॉन्फ’ दिसलं तर राउटर इन्स्टॉल मोडमध्ये आहे. त्याची पद्धत वेगळी आहे. खालच्या बूटच्या ओळी तिथे तशाच वापरू नका.

तिसरी गोष्ट मेमरी. ४३३१ सोबत मुळात ४ जीबी रॅम आणि ४ जीबी फ्लॅश येते, पण नेमकं तुमच्या डब्यात काय आहे ते पाहा. चौथी अगदी तळाशी असते: कॉन्फिगरेशन रजिस्टर. ते ०एक्स२१०२ असायला हवं. ०एक्स२१४२ असेल तर कुणीतरी पासवर्ड रिकव्हरी करून रजिस्टर तसंच सोडून दिलं आहे. असा राउटर रीबूट झाला की साठवलेलं कॉन्फिग वाचतच नाही, कोऱ्या पाटीसारखा वर येतो. मग दोष इमेजवर जातो आणि रात्र वाया जाते.

‘शो रॉम-मॉनिटर आर०’ देऊन रोममॉनची, म्हणजे आयओएसच्या आधी चालू होऊन इमेज उघडणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, आवृत्तीही लिहून घ्या. जुन्या ३.एक्स मालिकेवरून १६ किंवा १७ वर जाणार असाल, तर आधी रोममॉन अपग्रेड करावं लागू शकतं.

२. आवृत्ती निवडा

सगळ्यात नवी ती सगळ्यात चांगली, असं इथे नसतं. आयओएस एक्सईच्या १६ आणि १७ मालिकांत दर तिसरी आवृत्ती दीर्घ देखभालीची असते: १६.६, १६.९, १६.१२, १७.३, १७.६, १७.९ अशी. तिला ३६ महिने दुरुस्त्या मिळतात, मधल्यांना फक्त १२. शाखेच्या राउटरवर मधली आवृत्ती टाकायची तर तिच्यातलं एखादं वैशिष्ट्य तुम्हाला खरोखर हवं असलं पाहिजे. सिस्कोच्या डाउनलोड पानावर शिफारस केलेल्या आवृत्तीपुढे सोनेरी तारा असतो. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

मग रिलीज नोट्स. सगळ्या वाचायचा कंटाळा येतो हे मान्य, पण तीन ठिकाणं सोडू नका: किमान रोममॉन, लायसन्स आणि काढून टाकलेल्या गोष्टी.

लायसन्समध्ये बरेच जण अडकतात. १६.१० पासून स्मार्ट लायसन्सिंग सक्तीचं झालं आणि १७.३.२ पासून त्याची रीत पुन्हा बदलली. जुनी लायसन्स फाइल चालवणारा राउटर थेट १७ वर नेणार असाल, तर ‘शो लायसन्स समरी’ आधी साठवा आणि कंपनीचं स्मार्ट खातं कुणाच्या नावावर आहे ते शोधून काढा. हे खातं बऱ्याचदा कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर असतं.

काढून टाकलेल्या गोष्टींत पहिला नंबर जुन्या व्हीपीएनचा. डीईएस, एमडी५, डीएच गट १, २ आणि ५ या जुन्या, कमकुवत सुरक्षा पद्धतींना १७ मालिकेच्या पुढच्या आवृत्त्या मूळ स्थितीत नकार देतात. पलीकडच्या टोकाला एखाद्या विक्रेत्याचा पंधरा वर्षं जुना फायरवॉल असेल, तर राउटर व्यवस्थित वर येईल आणि व्हीपीएनचा टनेल मात्र येणार नाही. त्या विक्रेत्याशी आठवडाभर आधीच बोलून घ्या. शनिवारी रात्री त्याचा माणूस फोन उचलत नाही.

३. फाइल कुठून घ्यायची

सिस्कोच्या साइटवरूनच, कंपनीच्या खात्याने. साधारणपणे त्यासाठी चालू सेवा करार लागतो. करार नसेल आणि कारण गंभीर सुरक्षा त्रुटीचं असेल, तर सिस्कोच्या तांत्रिक मदत केंद्राला राउटरचा सिरियल नंबर आणि त्रुटीची सूचना दाखवून दुरुस्त आवृत्ती मागता येते. ही सोय फारशी कुणाला माहीत नसते.

टेलिग्रामवर, टोरेंटवर, लॅमिंग्टन रोडवरच्या ओळखीच्या दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर इमेज मिळतात. घेऊ नका. सप्टेंबर २०१५ मध्ये ‘सिनफुल नॉक’ नावाचं प्रकरण उघड झालं. त्यात १८४१, २८११ आणि ३८२५ या सिस्को राउटरवर बदललेली आयओएस इमेज सापडली होती. वरवर सगळं नीट चाललेलं आणि आत चोरदरवाजा. ज्या चार देशांत ती आधी सापडली त्यांत भारत होता.

फाइलचं नावही नीट वाचा. ‘आयएसआर४३००-युनिव्हर्सलके९.१७.०९.०४ए.एसपीए.बिन’ या नावातलं आयएसआर४३०० म्हणजे राउटरचं कुटुंब. ४४०० ची फाइल ४३३१ वर चालत नाही. के९ म्हणजे त्यात एनक्रिप्शन आहे. नावात ‘एनपीई’ असेल तर डेटाचं एनक्रिप्शन काढलेलं असतं, आणि अशा इमेजवर तुमचं आयपीसेक व्हीपीएन चालणार नाही. एसपीएमधला एस म्हणजे डिजिटल सही, पी म्हणजे उत्पादनासाठीची अधिकृत प्रत.

डाउनलोड पानावर फाइलचा एमडी५ आणि एसएचए५१२ हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, दिलेला असतो. तो त्याच वेळी कॉपी करून ठेवा.

४. जवळ काय काय हवं

- कन्सोल केबल आणि लॅपटॉपला लागणारा यूएसबी-सिरियल अडॅप्टर, आधी वापरून पाहिलेला
- पुटी किंवा टेरा टर्म, वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, लॉगिंग चालू
- एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, त्यावर नवी आणि जुनी अशा दोन्ही इमेज
- स्थानिक खात्याचा पासवर्ड आणि इनेबल पासवर्ड, दोन्ही चालतात हे तपासून
- लिंक देणाऱ्या कंपनीचा सर्किट क्रमांक आणि तक्रारीचा नंबर
- बदलाची लेखी मंजुरी, त्यात सुरू करायची आणि माघार घ्यायची वेळ
- दुसऱ्या नेटवर्कवरचं इंटरनेट, म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट

पासवर्डबद्दल थोडं अधिक. रोजचं लॉगिन टॅकॅक्स किंवा रेडियस सर्व्हरवरून होत असेल, तर राउटर अर्धवट वर आल्यावर तो सर्व्हर दिसणार नाही. तेव्हा स्थानिक खातंच कामाला येतं, आणि त्याचा पासवर्ड नेमका कुणालाच आठवत नाही.

शाखा दुसऱ्या गावी असेल, तर तिथे कन्सोलला लॅपटॉप जोडून बसू शकणारा माणूस हवा. तसा माणूस नसेल तर तारीख पुढे ढकला. ‘रीलोड इन १०’ लावलं की आपण सुरक्षित, असं काही जण सांगतात. कॉन्फिग बदलताना ती युक्ती उत्तम आहे. इमेज बिघडलेली असेल तर मात्र राउटर दहा मिनिटांनी पुन्हा त्याच बूटच्या ओळी वाचणार.

वीजही बघा. यूपीएसची बॅटरी खरंच टिकते का ते पाहा. पुणे-पिंपरी भागात महावितरण देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद ठेवतं. तो दिवस निवडू नये हे वेगळं सांगायला नको, तरी निवडला जातो.

५. बॅकअप, आणि आजची तब्येत

‘कॉपी रनिंग-कॉन्फिग’ करून एक प्रत बूटफ्लॅशमध्ये (राउटरच्या आतल्या फ्लॅशवर), एक पेनड्राइव्हवर आणि एक तुमच्या मशीनवर ठेवा. बूटफ्लॅशमधल्या प्रतीला तारखेसकट नाव द्या. माघार घेताना तीच लागेल. एसएसएचच्या खासगी चाव्या या प्रतीत येत नाहीत. नुसत्या अपग्रेडमध्ये त्या राउटरवर तशाच राहतात, पण डबाच बदलायची वेळ आली तर नव्याने तयार कराव्या लागतात.

त्यानंतर चालू स्थिती टिपा. ‘टर्मिनल लेंग्थ ०’ देऊन हे सगळं एकाच लॉगमध्ये घ्या: शो आयपी इंटरफेस ब्रीफ, शो आयपी राउट समरी, वापरत असाल तर शो आयपी बीजीपी समरी किंवा शो आयपी ओएसपीएफ नेबर, शो क्रिप्टो सेशन, शो आयपी नॅट स्टॅटिस्टिक्स, शो एनव्हायरन्मेंट ऑल, शो इन्व्हेंटरी. सोमवारी सकाळी ‘प्रिंटर तुमच्या अपग्रेडमुळे बंद पडला’ असा फोन आला की ही फाइल उघडायची. तो पोर्ट आधीपासूनच डाउन होता हे त्यात दिसतं.

‘शो व्हर्जन’मध्ये अपटाइम तीन-चार वर्षांचा दिसत असेल, तर मी आधी जुन्याच इमेजवर एक साधा रीलोड करून घेतो. इतकी वर्षं बंद न झालेला डबा परत सुरू होताना पॉवर सप्लाय किंवा फ्लॅश दगा देऊ शकते. शिवाय कुणीतरी केलेले आणि सेव्ह न केलेले बदलही त्यात उडतात. ते आधी शोधायला ‘शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस’ या आज्ञेने साठवलेलं आणि चालू कॉन्फिग ताडून पाहा. या अडचणी अपग्रेडच्या रात्री सापडण्यापेक्षा आदल्या आठवड्यात सापडलेल्या बऱ्या.

६. इमेज राउटरवर चढवा, तीही दोन दिवस आधी

फाइल बूटफ्लॅशमध्ये कॉपी केल्याने चालू राउटरवर काही परिणाम होत नाही. म्हणून हे काम डाउनटाइममध्ये ठेवू नका. दोन दिवस आधी दिवसाढवळ्या करून टाका. रात्रीसाठी फक्त बूटच्या ओळी आणि रीलोड एवढंच उरायला हवं.

‘डिर बूटफ्लॅश:’ देऊन मोकळी जागा पाहा. जागा कमी पडली तर कोअर फोल्डरमधल्या जुन्या क्रॅश फाइल आणि दोन-तीन अपग्रेडपूर्वीच्या इमेज काढा. सध्या चालू असलेली इमेज कोणत्याही परिस्थितीत पुसायची नाही.

पेनड्राइव्ह हा सगळ्यात सोपा मार्ग: ‘कॉपी यूएसबी०: बूटफ्लॅश:’. एनटीएफएस किंवा एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट केलेला ड्राइव्ह राउटर वाचत नाही.

जुन्या नोट्स आणि क्लासच्या वह्या टीएफटीपीच सांगतात. ती पद्धत लहान फाइलींच्या काळातली आहे. ५१२ बाइटचे तुकडे आणि १६ बिटांचा क्रमांक, त्यामुळे जुने टीएफटीपी सर्व्हर ३२ एमबीला अडकतात. इथे इमेज कित्येकशे एमबींची आहे. एससीपी किंवा एफटीपी वापरा. राउटरवर ‘आयपी एससीपी सर्व्हर इनेबल’ करून मशीनवरून फाइल ढकलता येते. मशीनवर ओपनएसएसएच ९.० किंवा पुढची आवृत्ती असेल, तर एससीपीच्या आज्ञेत वजा-ओ, मोठ्या लिपीतला ओ, हा पर्याय जोडा. त्या आवृत्तीपासून एससीपी आतून एसएफटीपी वापरू लागलं आणि राउटरशी त्याचं जमत नाही. काम झालं की राउटरवरचा एससीपी सर्व्हर बंद करा.

४३३१ च्या व्यवस्थापन पोर्टमधून, म्हणजे गिगाबिटइथरनेट०, कॉपी करत असाल तर लक्षात ठेवा की तो पोर्ट ‘एमजीएमटी-आयएनटीएफ’ नावाच्या वेगळ्या व्हीआरएफमध्ये, म्हणजे स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये, असतो. साधा पिंग जाणार नाही. ‘पिंग व्हीआरएफ’ लिहून त्या नावासकट द्यावा लागतो, आणि एफटीपीसाठी ‘आयपी एफटीपी सोर्स-इंटरफेस गिगाबिटइथरनेट०’ ही ओळ घालावी लागते. केबल नीट लागलेली, लाइट लुकलुकतोय, तरी सर्व्हर दिसत नाही, असं झालं की पहिला संशय इथेच घ्या.

७. हॅश जुळवा

‘व्हेरिफाय /एमडी५ बूटफ्लॅश:’ आणि पुढे फाइलचं नाव. आलेला आकडा डाउनलोड पानावरच्या आकड्याशी जुळवा, पहिली चार अक्षरं पाहून सोडू नका. दोन्ही नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा. विंडोजवर आधीच तपासायचं तर ‘सर्टयुटिल’ आहे. हॅश जुळत नसेल तर फाइल पुसून पुन्हा कॉपी करा. ‘एवढ्याशा फरकाने काय होतंय’ हा विचार इथे चालत नाही.

८. बूटच्या ओळी

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. ‘बूट सिस्टम’च्या ओळी राउटर ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने वाचतो. नवी ओळ नेहमी शेवटी जाऊन बसते. म्हणजे जुनी ओळ असताना नुसती नवी घातली, तर रीलोडनंतर राउटर निमूटपणे जुन्याच इमेजवर वर येतो आणि आपण डोकं खाजवत बसतो.

म्हणून क्रम असा: कॉन्फिग मोडमध्ये जाऊन आधी ‘नो बूट सिस्टम’, मग नव्या इमेजची ‘बूट सिस्टम बूटफ्लॅश:’ ओळ, आणि तिच्याखाली जुन्या इमेजची. नवी सापडली नाही किंवा उघडली नाही, तर राउटर दुसरीकडे वळेल. फाइलची नावं हाताने टाइप करू नका, ‘डिर’च्या आउटपुटमधून उचला. ‘राइट मेमरी’ करा आणि ‘शो बूटवार’ पाहा. बूट व्हेरिएबलमध्ये दोन्ही नावं हव्या त्या क्रमाने आणि रजिस्टर ०एक्स२१०२ दिसलं पाहिजे. यातलं एकही नसेल तर रीलोड देऊ नका.

९. रीलोड

दोन राउटर एचएसआरपीमध्ये असतील, म्हणजे एक बंद पडला की दुसरा काम उचलतो अशी जोडी असेल, तर आधी स्टँडबाय राउटर अपग्रेड करा, तो दिवसभर नीट चालला की दुसरा.

कन्सोल जोडा, लॉगिंग चालू आहे ना पाहा, ‘रीलोड’ द्या. ‘कॉन्फिगरेशन बदललं आहे, सेव्ह करू का’ असा प्रश्न आला तर थांबा. तुम्ही तर आत्ताच सेव्ह केलं होतं, मग कोणी बदललं? नाही म्हणा, रीलोड रद्द करा, फरक पाहा.

पुढची पाच ते दहा मिनिटं कंटाळवाणी असतात. इमेज उलगडते, सही तपासली जाते, मधेच स्क्रीन बराच वेळ स्तब्ध राहते. या काळात पॉवरच्या बटणाकडे हात जाऊ देऊ नका. रोममॉनचं अपग्रेड चालू असेल तेव्हा तर अजिबात नाही. तिथे वीज तोडली तर डबा कायमचा जाऊ शकतो.

१०. वर आल्यावर

‘शो व्हर्जन’मध्ये आवृत्ती आणि इमेजचं नाव पाहा. मग पायरी ५ ची सगळी यादी पुन्हा चालवा आणि दोन्ही लॉग शेजारी ठेवून ताडा. रूट किती होते आणि किती आहेत, टनेल किती, शेजारी किती. ‘शो लॉगिंग’ आणि ‘शो लायसन्स समरी’ही पाहा. नंतर शाखेतल्या माणसाला रोजचं खरं काम करून बघायला सांगा: ईआरपी उघड, फोन लाव, प्रिंट काढ. पिंग गेला म्हणजे सगळं चाललं असं नाही.

सगळं जुळेपर्यंत ‘राइट मेमरी’ची घाई नको. नव्या आवृत्तीने सेव्ह केलेल्या कॉन्फिगमध्ये जुनीला न कळणाऱ्या ओळी येऊ शकतात.

११. रोममॉनमध्ये अडकलात तर

कन्सोलवर ‘रोममॉन १ >’ दिसलं की नवख्याच्या पोटात गोळा येतो. राउटर मेलेला नाही, त्याला फक्त इमेज सापडलेली नाही.

‘डिर बूटफ्लॅश:’ द्या. जुनी इमेज तिथे आहे, कारण तुम्ही ती पुसली नाही. ‘बूट बूटफ्लॅश:’ आणि तिचं नाव, इतकं पुरेसं आहे. फ्लॅशच वाचली जात नसेल तर पेनड्राइव्ह लावून ‘बूट यूएसबी०:’ आणि नाव. तेही नसेल तर शेवटचा मार्ग टीएफटीपी: आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, सर्व्हर आणि फाइल हे पाच व्हेरिएबल भरून ‘बूट टीएफटीपी:’. या वेळी केबल व्यवस्थापन पोर्टलाच लावा, बाकीचे पोर्ट रोममॉनमध्ये झोपलेले असतात.

राउटर वर आला पण टनेल किंवा रूट जुळत नाहीत, आणि मंजुरीत लिहिलेली माघारीची वेळ झाली, तर शोधाशोध थांबवा. ‘नो बूट सिस्टम’, जुन्या इमेजची ओळ पुन्हा वर, ‘राइट मेमरी’, मग बूटफ्लॅशमधली तारखेची कॉन्फिग प्रत ‘कॉपी’ करून स्टार्टअप-कॉन्फिगवर. तिच्यात जुन्या बूटच्या ओळी आहेत, त्यामुळे ‘शो बूटवार’ पुन्हा पाहून घ्या. ‘रीलोड’ दिल्यावर सेव्ह करू का विचारलं, तर या वेळी ‘नो’. नाहीतर आत्ताच परत ठेवलेली प्रत पुन्हा झाकली जाते. कारण दुसऱ्या दिवशी लॉगमधून शोधता येतं.

अपग्रेड टिकलं, तर जुनी इमेज निदान एक महिनाअखेर उलटेपर्यंत फ्लॅशवर राहू द्या. हिशेबाचं मोठं काम महिनाअखेरीलाच चालतं आणि लपलेल्या अडचणी तेव्हाच वर येतात. त्यानंतर ती पुसा, तिची बूट ओळ काढा, आणि मालमत्तेच्या नोंदीत नवी आवृत्ती लिहा. पुढचा ऑडिटवाला तीच नोंद आधी मागतो.